मला कोणी कळवलं नाही

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. कबूल? मग चहा ओता आणि ऐका. ऐकून झालं की चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा. माझ्या बायकोने कधीच ठरवलंय, ऑफिसने ठरवलंय, पैनगंगेच्या दोन्ही काठांनी ठरवलंय. मी मात्र आजही म्हणतो, माझी नव्हती. निदान सगळी माझी नव्हती.

लोक सुटीत समुद्र बघायला जातात. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून वाळूत फोटो काढून घेतात. आम्ही पडलो आदिलाबादचे. तेव्हा आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात. त्याला एवढा लांबलचक समुद्रकिनारा, पण तो सगळा त्या टोकाला. आमच्या वाट्याला आली पैनगंगा. अलीकडे आंध्र, पलीकडे महाराष्ट्र, मधे पाणी. पण दसरा झाला की ते पाणी असं निवळतं, काठचं गवत असं माजतं, की त्या काठाने दिवसभर हिंडावं आणि समुद्रवाल्यांची कीव करावी.

तर माझा दोस्त शेषराव. त्याचं गाव भीमपूरच्या पुढे, ऐन नदीवर. कापसाची शेती. माझंही गाव तेच, शाळेत आम्ही एका तरटावर बसलो. पुढे मी मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलात, कारकून झालो आणि माझी बदली झाली गुडीहत्नूरला. तेव्हापासून गावाकडे जाणं कमीच.

आणि शेषरावचे वडील, आबा. त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. मला वडील नव्हते. लहानपणीच गेले. मला पोहायला शिकवलं आबांनी. शिकवलं म्हणजे, उचललं आणि डोहात टाकलं. वर आलो तर पुन्हा टाकलं. त्या माणसाच्या मिशा भल्या मोठ्या, पांढऱ्याशुभ्र. बुडता बुडता त्या मिशा दिसल्या की मला धीर यायचा. त्या घरचा धाकटा मुलगा मीच, असं मी मनाशी धरून चाललो होतो. कोणी तसं म्हटलं नव्हतं, पण मी धरून चाललो होतो.

एक दिवस कंडक्टरने निरोप आणला. आमच्याकडे टपालापेक्षा कंडक्टर बरा, तो पत्ता चुकत नाही. निरोप शेषरावचा: रविवारी ये, काठाकाठाने फिरू, डोहावर जेवू.

मी खुशीत निघालो. नवा शर्ट घातला. भीमपूरला उतरलो आणि शेषरावला पाहून माझे पायच थांबले.

टक्कल. मिशी नाही, दाढी नाही, सगळं सफाचट. अंगावर पांढरे कपडे. आणि हातात तांब्याचा लोटा, तोंड ओल्या लाल फडक्याने गच्च बांधलेलं.

आता तुम्हीच सांगा. आमच्या भागात एखाद्या कर्त्या मुलाने डोक्यावरचे केस आणि मिशी उतरवली, हातात फडकं बांधलेला लोटा घेतला आणि तो नदीकडे निघाला, तर त्याचा अर्थ काय? आम्ही बौद्ध, आमच्यात टक्कल वगैरे करत नाहीत. पण अख्खं बालपण मी त्यांच्या ओसरीवर काढलेलं. त्यांच्यातलं कधी काय करतात ते मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत, असा माझा समज होता.

आबा गेले होते. आणि मला कोणी कळवलं नव्हतं.

दुःख झालं, नाही असं नाही. पण खरं सांगू? त्याआधी राग आला. अरे, गावातली कुत्री-मांजरं आली असतील मातीला. बाजारातला मिरचीवाला आला असेल. आणि मी? गुडीहत्नूर काय विलायतेत आहे? निरोप धाडायला कंडक्टर आहे, हे सहलीच्या वेळी बरोबर आठवतं.

पण अशा वेळी विचारायचं नसतं. मी पुढे झालो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान खाली घालून उभा राहिलो.

"काय झालं बे? गाडी लागली का?" शेषराव म्हणाला.

धक्का बसलाय बिचाऱ्याला, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात एक तेलुगू व्यापारी समोरून आला. त्याने शेषरावच्या टकलाकडे बघितलं आणि चक्क हसून हात जोडले. शेषरावनेही हसून जोडले. मी त्या व्यापाऱ्याकडे असं बघितलं की तो दुकानात शिरला. माणुसकी म्हणून काही चीज आहे की नाही?

"घरी जायचं ना आधी?" मी हळूच विचारलं.

"आता नाई. घरी गेलो तं निंगनं होत नाई. संध्याकाळी जाऊ." त्याने लोटा सायकलच्या हँडलला अडकवायला घेतला.

हँडलला! आबांना! मी लोटा त्याच्या हातातून काढून घेतला. चप्पल काढून पिशवीत टाकली. "मी धरतो," म्हटलं, "तू सायकल चालव."

"अरे, काटे हायेत रस्त्यानं. चप्पल कायले काढून राह्यला?"

"असू दे."

"बरं बाप्पा. नीट धर मंग. मायनं सांगतलं, जपून न्या."

माय तरी काय म्हणेल बिचारी. माझे डोळे भरून आले.

सायकलच्या मागे बसून, लोटा दोन्ही हातांनी छातीशी धरून मी निघालो. काठाची वाट लागली. बघण्यासारखं काय नव्हतं? उजवीकडे पाणी, त्यात आभाळ उतरलेलं. पलीकडच्या काठावर महाराष्ट्राची लाल एस.टी. धूळ उडवत चाललेली. बगळे, बाभळी, सगळं जागच्या जागी. आणि शेषराव काय करतो? तो गातो. तोंडाने शीळ घालतो. हात सोडून सायकल चालवून दाखवतो.

"पाह्य, पाह्य, बगळे पाह्य कसे बसले."

मी काय बगळे बघणार? मला त्याचं टक्कल दिसत होतं. उन्हात चकाकत होतं आणि त्याखाली शीळ वाजत होती.

शेवटी राहवलं नाही. मी म्हटलं, "शेषराव, मला कळवायचं तरी."

"अरे, घाईघाईतच झालं सगळं. कोनाले कोनाले सांगनार?"

कोनाले कोनाले! ऐकलंत? मी 'कोनाले' मधे. पुढच्या वाटेत मी एक अक्षर बोललो नाही. त्याला काही त्याचा पत्ता नव्हता. तो सीताफळाची झाडं शोधत होता.

उतारावर झाडं दिसली तशी त्याने सायकल टेकवली आणि लहान पोरासारखा पळत वर गेला. मी लोटा धरून पाण्याकाठी उभा. तिथेच डोंग्याचा घाट. डोंगा चालवायचा गंगाराम, पलीकडच्या गावचा. शेषरावची बहीण शांता पलीकडे गंगारामच्याच गावी दिलेली. त्यामुळे गंगाराम आबांना चांगला ओळखणारा.

गंगारामने लांबून शेषरावला बघितलं, मग माझ्याकडे आला. "बाबू, हे काय? शेषरावनं टक्कल कायले केलं?"

आता इथे नीट लक्ष द्या, कारण पुढे माझ्यावर जे आरोप झाले ते इथूनच. मी तोंडाने एक शब्द बोललो नाही. मी फक्त हातातल्या लोट्याकडे बघितलं.

गंगारामच्या हातातला बांबू खाली पडला. "आबा?"

मी डोळे मिटले. बस्स. मी कोणाला मारलं नाही, मी डोळे मिटले.

"अन् शेषराव तं हासून राह्यला."

"धक्का बसलाय. त्याला काही विचारू नको."

"शांताताईले सांगतलं का?"

इथे मात्र मी बोललो. आतला सगळा राग वर आला. "मला सांगितलं नाही, तिथे शांताला कोण सांगतं? घाईत झालं म्हणे. जा, तूच सांग तिला."

गंगारामने डोंगा ढकलला तो सरळ पलीकडे. मला तर वाटलं, आजच्या दिवसात या घराचं एक तरी काम कोणीतरी रीतीप्रमाणे केलं.

शेषराव सीताफळं घेऊन आला. आम्ही डोहावर पोचलो. हाच तो डोह, जिथे आबांनी मला टाकलं होतं. मोठा काळा खडक, त्याखाली गार पाणी. मनात आलं, जागा तरी बरोबर निवडली.

शेषरावने खडकावर उपरणं पसरलं. ज्वारीच्या भाकरी काढल्या, ठेचा काढला, कांदा फोडला.

"आन तो लोटा इकडं."

"आधी पाण्यात उतर," मी म्हटलं.

"आधी खाऊ. लय भूक लागली."

"आधी आंघोळ. मग लोटा. मग जेवण."

"बे, तू केव्हापासून एवढा सोवळ्याचा झाला?"

झालं. माझा बांध फुटला. मी त्याला काय काय बोललो ते सगळं सांगत नाही, पण थोडक्यात असं: लाज वाटत नाही? ज्या माणसाने तुला लहानाचं मोठं केलं, त्याला हातात घेऊन तू शीळ घालतोस? सीताफळं तोडतोस? कांदा फोडतोस? त्यांच्या पोटी दगड जन्मला. तुझ्यापेक्षा मी बरा. तुला होत नसेल तर मी करतो.

शेषराव हातात अर्धा कांदा धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, मला ऊन लागलंय.

मी नव्या शर्टासकट पाण्यात उतरलो. कमरेपर्यंत गेलो. लोटा कपाळाला लावला. त्यांचे मंत्र मला येत नव्हते, आणि आमच्यात असं काही नाही. म्हणून जे मनात होतं तेच बोललो. "आबा," म्हटलं, "याच पाण्यात तुम्ही मला टाकलंत आणि तुम्हीच काढलंत. तुमच्या मातीला मी नव्हतो. मला कोणी कळवलं नाही, आबा. माफ करा."

रडलो. खोटं नाही सांगत, हमसून हमसून रडलो. फडकं सोडलं आणि लोटा उपडा केला.

पाण्यात एक पांढरा गोळा पडला. थपकन.

मग आणखी एक. मग पाणी दुधाळ झालं. आणि बारीक बारीक मासे असे धावून आले, जणू त्यांनाच निरोप होता.

"अबे!" खडकावरून शेषराव ओरडला. "दही कायले सांडून राह्यला?"

मी वळलो. "दही?"

"मंग काय तूप? मायनं रात्री लावलं, तुह्यासाठी. गार राहावं म्हून ओलं फडकं बांधलं. पूरं सांडलं का रे?"

"आणि आबा?"

"आबाचं काय?"

"आबा कुठे आहेत?"

"घरी. कुठं राह्यतीन? काल तं आमी तिरुपतीहून वापस आलो. बुढ्यानं नवस बोलला होता, कापूस चांगला झाला तं सगळे केस देईन म्हून. मायचे, माहे, त्याचे, पूऱ्या घराचे देऊन आलो. मिशा बी देल्या बुढ्यानं."

तिरुपती!

आता मला सांगा, आंध्रात राहून हे माझ्या डोक्यात यायला नको होतं का? यायला हवं होतं. तो व्यापारी हसून हात जोडत होता, त्याच्या डोक्यात आधी तिरुपतीच आलं. पण मराठी माणसाच्या डोक्यात टक्कल बघून आधी काय येतं? आणि शेषरावला तोंड नव्हतं? "तिरुपतीला जाऊन आलो" एवढं म्हणायला काय लागतं? तर म्हणे, "टक्कल दिसून राह्यलं होतं ना तुले. अजून काय सांगू?"

मला इतका आनंद झाला की पाण्यातच बसलो. आबा जिवंत. हसत होतो, रडत होतो. आणि मग आठवलं.

"शेषराव," मी म्हटलं, "मी गंगारामसमोर डोळे मिटले."

समजावून सांगायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्याने कांदा टाकला आणि सायकल उचलली. भाकरी तशाच खडकावर राहिल्या.

काठाकाठाने आम्ही जे सुटलो. आता तो गात नव्हता, मीच मागे बसून बडबडत होतो, की तूच सांगायला हवं होतंस. वळणावरूनच रडणं ऐकू आलं. गावच्या घाटावर अख्खं गाव गोळा झालेलं. मधे गंगारामचा डोंगा. आणि लिंबाच्या झाडाखाली शांता आणि एक म्हातारा एकमेकांच्या गळ्यात पडून धाय मोकलून रडत होते.

म्हातारा म्हणजे आबा.

झालं होतं असं. आबा सकाळपासून लिंबाखाली बसलेले. पोरं नदीवर गेलीत हे त्यांना ठाऊक. तेवढ्यात लेक डोंग्यात ऊर बडवत येताना दिसली. त्यांनी काय समजावं? शेषराव बुडाला. आणि बरोबर मीही. त्यांनी हंबरडा फोडला. इकडे शांता उतरली तर समोर टक्कल केलेला, बिनमिशीचा म्हातारा रडतोय. बिनमिशीचा बाप तिने जन्मात पाहिलेला नव्हता. तिला वाटलं, चुलते आहेत, भावासाठी टक्कल केलंय. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टाकलं. ती बापासाठी रडत होती आणि बापाच्याच गळ्यात पडून रडत होती. बाप मुलासाठी रडत होता. आणि गाव कोणासाठी रडत होतं ते गावालाही माहीत नव्हतं.

मुलगा सायकलवरून उतरला तसे सगळे गप्प झाले.

आबांनी शेषरावला चाचपून बघितलं. मग मला, मी ओलाचिंब. मग शांताने आबांचा चेहरा दोन्ही हातांत धरून ओळखला आणि नव्याने रडायला लागली. ती गप्प झाल्यावर आबांनी डोळे पुसले आणि विचारलं, "मी मेलो हे कोनं सांगतलं?"

शांताने गंगारामकडे बघितलं. गंगारामने बांबू उचलला आणि माझ्याकडे रोखला.

"यशवंत्या," आबा म्हणाले, "तुले कोनं सांगतलं?"

आणि तुम्हाला सांगतो, माझा राग पुन्हा उसळला. "कोणीच नाही सांगितलं," मी म्हटलं. "तेच तर म्हणतोय. मला या घरात कोणी काही सांगतच नाही. तिरुपतीला जाता, सांगत नाही. मिशी देता, सांगत नाही. मेलात तरी सांगणार नाही. मग माणसाने समजायचं काय?"

गाव हसलं असेल, मला आठवत नाही. आबा हसले नाहीत. नसलेल्या मिशीवरून त्यांनी हात फिरवला. "खरं हाय पोराचं," म्हणाले. "आतापासून तुले सांगत जाईन."

मला वाटलं, म्हातारा बोलून मोकळा झाला. छे हो. पुढच्याच सोमवारी भर दुपारी कंडक्टर आमच्या ऑफिसच्या दारात उभा. आत जमिनीच्या उताऱ्याला आलेले शेतकरी, साहेब खुर्चीत. तो तिथूनच ओरडला, "यशवंतबाबू, आबाचा निरोप हाय. जित्ता हाय म्हने."

त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. "आबा जित्ता हाय. खोकला हाय, पन जित्ता हाय." दर सोमवारी. शेतकरी विचारू लागले, "बाबू, आज आबा कसा हाय?" साहेब तेलुगू, त्यांनाही पाठ झालं. सोमवारी ते घड्याळाकडे बघून म्हणायचे, "क्यों यशवंत, आया क्या तुम्हारा निरोप?"

मी चिडायचो. बायकोकडे कुरकुर करायचो, की हा काय पोरखेळ. पण खरं सांगतो, सोमवारी दुपारी तो ओरडून गेला की जेवण गोड लागायचं.

आणि एका सोमवारी निरोप आला नाही.

गाडी आली, गेली. कंडक्टर वर चढलाच नाही. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आलो.  पण यावेळी मी शहाणा झालो होतो. डोळे मिटायचे नाहीत. कोणाला सांगायचं नाही. मी फक्त अटेंडरला, आमच्या शिपायाला, म्हटलं, "आज निरोप आला नाही रे." एवढंच. आणि कोणाला बोलू नको, हेही सांगितलं.

जेवणाच्या सुटीत बघतो तर टेबलाभोवती सगळं ऑफिस. कोणी पाणी आणतंय, कोणी पंखा माझ्याकडे वळवतंय. टायपिस्ट बाई डोळ्यांना पदर लावून. साहेब स्वतः खुर्चीवरून उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "हौसला रखो यशवंत. सबको जाना है." आणि माझे डोळे वाहायला लागले. काय करू? आबा गेले होते. आणि पुन्हा मला कोणी कळवलं नव्हतं.

"जयभीम यशवंत्या."

दारात आबा. मिशा आता पुन्हा फुटलेल्या, अर्ध्यामुर्ध्या. हातात तांब्याचा लोटा, तोंडाला ओलं लाल फडकं.

"कंडक्टर नवा आला. निरोप घेईना," ते म्हणाले. "म्हून सोताच आलो सांगाले. जित्ता हाय." मग भोवतालच्या गर्दीकडे बघून आवाज खाली आणला. "हे काऊन जमा झाले? कोन गेलं?"

 साहेबांनी माझ्या खांद्यावरचा हात तसाच ठेवून विचारलं, "यशवंत, कौन हैं ये बुजुर्ग?"

आता मी काय सांगणार होतो? जे होतं तेच सांगितलं.

"साब," म्हटलं, "ये वोइच हैं. जो गुजर गये."